सागाच्या पानाची जाळी कोण करते? एका ओळखीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

पोळा सरला की पूर्व विदर्भात काही वर्षी एक चमत्कारिक दृश्य दिसते. गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरहून नागझिऱ्याच्या दिशेने निघावे, तर दोन्ही बाजूंच्या बांध्यांत धान हिरवागार उभा असतो. त्याच बांध्यांच्या धुऱ्यांवरचा साग मात्र भर पावसाळ्यात वणवा लागून गेल्यासारखा तपकिरी पडलेला असतो. जवळ जाऊन एखादे पान हातात घ्यावे. पानाचा आकार शाबूत, देठ शाबूत, लहानात लहान शीरही जागच्या जागी. नाहीसा झालेला असतो तो फक्त शिरांमधला हिरवा गर. उजेडाकडे धरले तर पान कसले, विणलेली जाळीच! तिच्यावर कुठे कुठे रेशमाचे विरळ धागे ताणलेले असतात आणि त्यांच्या आडोशाला दीड-दोन सेंटिमीटरची हिरवट अळी.

झाडाच्या मालकापुढे अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. झाड मरणार का? आणि फवारणीचा पंप बाहेर काढायचा का? प्रश्न साधे आहेत. त्यांची उत्तरे मिळायला मात्र सव्वाशे वर्षे लागली, आणि तोवर त्यांच्यापायी माणसांनी जंगलांची रचना बदलण्याच्या योजना आखल्या, विमानातून विषही शिंपडले.

या कथेत अळ्या दोन आहेत. त्यांचा घोटाळा सोडवल्याखेरीज पुढचे काहीच कळत नाही.

पहिली ही जाळी पाडणारी. तिचे शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरॅलिस. तिचा पतंग फिकट पिवळा, पंखांवर नागमोडी रेषा असलेला, पंख पसरून जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. दुसरी हायब्लिया प्युएरा. तिचा पतंग बसलेला असताना करड्या पालापाचोळ्यात मिसळून जातो, पण उडाला की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी पट्टे झळकतात. हिची लहान अळी पानाची कड कातरून तो तुकडा दुमडते, रेशमाने शिवते आणि त्या घडीत राहून खाते. मोठी झाली की मुख्य शिरा तेवढ्या सोडून पानच्या पान फस्त करते. म्हणजे रेशीम दोघीही काढतात. पहिलीच्या मागे जाळी उरते, दुसरीच्या मागे जवळजवळ काहीच उरत नाही. पहिली बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साग जुनी पाने घेऊन उभा असताना येते. दुसरी नव्या, कोवळ्या पालवीवर तुटून पडते. हा कालक्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सारा निकाल पुढे त्यावरच लागणार आहे.

दोघींची बारशी झाली ती जंगलापासून फार दूर. हायब्लिया प्युएराचे वर्णन १७७७ सालचे, ॲमस्टरडॅमच्या पीटर क्रॅमर या व्यापाऱ्याने जमवलेल्या परदेशी फुलपाखरांच्या ग्रंथातले. युटेक्टोनाचे वर्णन १८५९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सिस वॉकर यांनी केले. वॉकर हे अचाट वेगाने काम करणारे गृहस्थ. त्यांनी हजारो कीटकांना नावे दिली आणि एकाच कीटकाला अनेकदा वेगवेगळी नावे दिल्याबद्दल समकालीनांचा रोषही ओढवून घेतला. टाचणीला टोचलेला मेलेला पतंग पाहून दिलेली ही नावे होती. तो पतंग अळी असताना काय खात होता, कोणत्या महिन्यात खात होता, झाडाचे त्याने काय होत होते, याचा त्या कपाटांना पत्ता नव्हता.

तिकडे लंडनमध्ये पतंगाला नाव मिळत होते तेव्हा इकडे सागाचे मोल झपाट्याने वाढत होते. मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी नीलांबूर येथे सागाची लागवड १८४० च्या दशकातच सुरू केली होती. तिची प्रत्यक्ष धुरा वाहिली चातू मेनन यांनी. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, १८६४ मध्ये ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते उभे राहिले, आणि १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी सातपुड्यापासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंतचे जंगल सरकारी हिशेबाच्या वहीत शिरले. रेल्वेला स्लीपर हवे होते. गोंदियावरून जाणारी बेंगॉल नागपूर रेल्वेची वाटही याच काळातली. मोह, ऐन, बीजा, धावडा, तेंदू यांच्या गर्दीत उभा असलेला साग हा त्या वहीतला रोकडा पैसा होता. उरलेली झाडे वनाधिकाऱ्यांच्या भाषेत हलक्या प्रतीची ठरली, आणि सागाला मोकळीक मिळावी म्हणून ती छाटण्याला सुधारणा म्हटले जाऊ लागले.

एकाच जातीची झाडे एकाच ठिकाणी दाट लावली की त्यांवर जगणाऱ्या कीटकाला आयते ताट मिळते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वनखात्याला मात्र ते अनुभवाने शिकावे लागले. १८९८ मध्ये त्रावणकोरचे वनाधिकारी टी. एफ. बोर्डिलॉन यांनी सागाच्या लागवडींवर हायब्लियाने घातलेल्या धाडीची नोंद केली. त्याच्या पुढच्याच वर्षी ई. पी. स्टेबिंग यांचे भारतीय जंगलांतील उपद्रवी कीटकांवरचे पुस्तक आले. १९०६ मध्ये डेहराडूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली आणि कीटकशास्त्राला तिथे कायमची जागा मिळाली. त्या जागेवर पुढे सी. एफ. सी. बीसन आले, ते १९१३ पासून जवळजवळ तीन दशके राहिले.

बीसन यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आज ज्याला निसर्गस्नेही कीडनियंत्रण म्हणतात त्याची सागापुरती मांडणी त्यांनी १९३० च्या दशकातच केली होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या, गांधीलमाश्यांची भावंडे आणि भक्षक कीटक वर्षानुवर्षे गोळा केले, ते आणखी कोणत्या अळ्यांवर जगतात आणि त्या दुसऱ्या अळ्या कोणत्या झाडाझुडपांवर असतात, याच्या याद्या केल्या. या याद्यांतून उपाय निघाला. सागाचे मोठे सलग पट्टे लावू नका. मधे मधे मूळ जंगलाच्या पट्ट्या राखा. सागाखालचे झुडपी जंगल साफ करू नका, कारण सागावर अळी नसते त्या महिन्यांत तिचे शत्रू त्या झुडपांवरच्या अळ्यांवर तग धरून राहतात. झुडपांमध्येही निवड करा: ज्यांवर सागाची अळीच पोसली जाते ती काढा, ज्यांवर तिचे शत्रू पोसले जातात ती ठेवा. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात हे सारे नोंदले आहे, आणि वनकीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही तो ग्रंथ चुकत नाही.

खात्याने अर्धशतक ज्याला कचरा मानून छाटले, तोच कचरा बीसन राखायला सांगत होते. ही योजना मोठ्या क्षेत्रावर काटेकोरपणे राबवून तपासली गेली नाही. स्वातंत्र्यानंतर वारे उलट्या दिशेनेच वाहिले. महाराष्ट्रात १९७४ मध्ये वन विकास महामंडळ स्थापन झाले. कमी उत्पन्नाचे मिश्र जंगल तोडून तिथे सागाची लागवड करणे हे त्या काळी विकासाचे सरळ गणित होते, आणि विदर्भाची जंगले त्यात आघाडीवर होती. बीसन यांच्या योजनेतही एक दुबळा धागा होता. नुकसान नेमके किती होते, आणि दोघींपैकी कोणामुळे होते, हे मोजलेलेच नव्हते. १९२० आणि १९३० च्या दशकांतले अंदाज एकमेकांपासून इतके दूर होते की ज्याला जो आकडा सोयीचा, त्याने तो घ्यावा.

न मोजलेल्या शत्रूवर हल्ला करणे सोपे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम कीटकनाशके स्वस्त झाली, आणि १९६५ च्या सुमारास केरळात कोन्नी येथे सागावर विमानातून फवारणीचा प्रयोग झाला; पुढे १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातही तो झाला. फवारणी सागावर रुळली नाही हे नशीबच म्हणायचे. कासारगोडच्या काजूबागांवर मात्र १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले. त्याने खालच्या वस्त्यांतल्या माणसांचे काय झाले हा आता न्यायालयीन इतिहास आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. विदर्भाला तर इतके दूर जायचेही कारण नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कापूस माणसाच्या खांद्याइतका वाढला तेव्हा ही गत झाली. साग तर डोक्यावर वीस-पंचवीस फूट असतो, आणि वर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर उतरतो.

मोजमाप झाले ते अखेर नीलांबूरलाच, जिथे सागाच्या लागवडीची सुरुवात झाली होती. केरळ वन संशोधन संस्थेतील के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोवळ्या सागाच्या एका लागवडीचे भाग पाडले. काही झाडांना फक्त हायब्लियापासून संरक्षण दिले, काहींना फक्त जाळी पाडणाऱ्या अळीपासून, काहींना दोघींपासून, आणि काही तशीच सोडली. मग पाच वर्षे झाडांची वाढ मोजली. प्रयोगाची कल्पना शाळकरी मुलालाही सुचावी इतकी सरळ आहे. पण ती अमलात आणायला पाच पावसाळे झाडाखाली उभे राहावे लागते.

१९८५ च्या अहवालात निकाल आला. हायब्लियापासून वाचवलेल्या झाडांनी हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर लाकूड घातले. न वाचवलेल्यांनी ३.७. म्हणजे होऊ शकणाऱ्या वाढीपैकी ४४ टक्के वाढ ही एकटी अळी खाऊन टाकत होती. आणि जाळी पाडणारी? तिच्यापासून वाचवलेल्या आणि न वाचवलेल्या झाडांत लक्षात घेण्याजोगा फरकच आढळला नाही.

ज्या अळीमुळे डोंगरच्या डोंगर तपकिरी दिसतो, जिच्यामुळे लोक घाबरतात, ती झाडाच्या लाकडाला फारशी बाधत नव्हती. कारण वेळेत आहे. साग पानझडीचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो नव्या पानांच्या बळावर वाढतो आणि पाऊस ओसरला की ती पाने टाकायच्या तयारीला लागतो. हायब्लिया येते तेव्हा झाड कमाईला नुकतेच लागलेले असते. पालवी गेली की साठवलेला अन्नरस खर्चून दुसरी पालवी फोडावी लागते. नीलांबूरला जाळी पाडणारी अळी येते तेव्हा वर्षाची कमाई बहुतेक झालेली असते.

अमेरिकेतल्या मेपलची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. तिथे शरद ऋतूच्या तोंडाशी एक अळी फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या रेशमाची पिशवीएवढी घरटी विणते, आतली पाने खाते आणि बागमालकांची झोप उडवते. पण तिच्या मायदेशात ही धाड उशिरा येते, म्हणून मोठे झाड सहसा तिला जुमानत नाही. तीच अळी १९४० मध्ये हंगेरीत बुडापेस्टजवळ, १९४५ मध्ये टोकियोत आणि १९७९ मध्ये चीनच्या ल्याओनिंग प्रांतात पोचली, तेव्हा चित्र पालटले. तिचे शत्रू मागे राहिले होते. तुती आणि मेपल कुळातला बॉक्स एल्डर यांची पाने तिने ओरबाडली. चीनने उपाय शोधला तो तिच्या कोषात अंडी घालणाऱ्या एका सूक्ष्म गांधीलमाशीचा. ती माशी लाखोंनी पैदा करायची कशात, तर चिनी टसर रेशमाच्या किड्याच्या कोषात. भंडारा-गोंदियाच्या ऐन-अर्जुनावर वाढणारा कोसा हा त्याच कुळातला भाऊबंद.

आता गोंदियाच्या सागाकडे परत. नीलांबूरचा निकाल जसाच्या तसा इथे चिकटवणे घाईचे ठरेल. मध्य भारतात जाळी पाडणारी अळी जास्त जोरकस आहे; वर्षभरात तिच्या अनेक पिढ्या होतात, आणि पाऊस जोरात असतानाच, म्हणजे पानाची कमाई चालू असतानाच तिने गाठले तर नुकसान शून्य म्हणता येत नाही. रोपवाटिकेतल्या रोपाला तर साठवलेला अन्नरसच नसतो. तिथे एका पानाचेही मोल असते. १९९० च्या दशकात मलेशियातल्या अभ्यासाने आणखी एक पेच दाखवला: तिकडे ज्या पतंगाला युटेक्टोना म्हटले जात होते तो दिसायला तसाच, पण वेगळ्या जातीचा निघाला. हुबेहूब दिसणारे पतंग वेगळे ठरवायला शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे जननांग तपासावे लागले. वॉकर यांच्या घाईचा हिशेब असा शंभर-सव्वाशे वर्षांनी कुणाला तरी चुकवावा लागतो.

तेव्हा धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने आधी पान पाहावे. जूनमध्ये पालवी कडेने दुमडलेली, रेशमाने शिवलेली आणि दोन-चार दिवसांत नाहीशी होत असेल, झाडाखाली विष्ठेचे काळे कण पावसासारखे टपटपत असतील, तर ती हायब्लिया. सप्टेंबरात शिरांची जाळी शाबूत राहत असेल तर ती दुसरी. आणि फांदी-फांदीमध्ये गोल, चकाकणारे जाळे असेल, पाने मात्र धड असतील, तर तो कोळी आहे आणि त्याला हात लावू नये. वाढलेल्या सागाची जाळी झाली असेल तर पंप घरातच ठेवावा. झाड पुढच्या पावसाळ्यात पालवणारच असते. तसा पुरावा मुंबईच्या खाड्यांतही मिळतो. काही वर्षी तिवरांची जंगलेच्या जंगले हायब्लिया निष्पर्ण करते, कुणीतरी विष टाकल्याची आवई उठते, आणि थोड्या आठवड्यांत तिवरे पुन्हा हिरवी होतात.

हायब्लियासाठीही आता निराळी हत्यारे आहेत. १९८८ मध्ये केरळच्याच संशोधकांनी तिच्या मेलेल्या अळ्यांमध्ये एक विषाणू नोंदवला. तो बाकी जीवांना न बाधता याच अळीला मारतो. धाड आधी लहानशा टापूत सुरू होते, मग पसरते. म्हणून तो आरंभीच्या टापूतच फवारायचा, असे ते तंत्र. जावाच्या लोकांनी यापेक्षाही सरळ मार्ग काढला आहे: ते सागाखालच्या पाचोळ्यातले तिचे कोष वेचून आणतात आणि तळून खातात.

जाळी पाडणाऱ्या अळीवरचा मध्य भारतातला उपाय शोधला गेला जबलपुरात, गोंदियाहून सातपुड्याच्या रेल्वेने ज्या गावी जाता येते तिथे. तिथल्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने ट्रायकोग्रामा या मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशीच्या एका जातीवर काम केले. शिवाय ज्या सागाला ही अळी कमी लागते असे वाणही निवडले. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि अळी जन्माला येण्याआधीच संपते. अंडी चिकटवलेल्या कागदी पट्ट्या झाडाला टांगायच्या, एवढेच काम.

या पट्ट्यांवर जी अंडी असतात ती सागाच्या पतंगाची नसतात. भारतातल्या प्रयोगशाळांत ट्रायकोग्रामा वाढवतात ती कॉर्सायरा नावाच्या पतंगाच्या अंड्यांवर, कारण तो डब्यात भरडधान्यावर हवा तितका पैदा करता येतो. गोंदियात त्याची ओळख करून द्यायला नको. भातगिरण्यांच्या या शहरात कणीचे पोते फार दिवस पडून राहिले की आत दाणे एकमेकांना चिकटून रेशमाच्या गाठोड्या होतात, आणि घरातली बाई डबा उघडून म्हणते, तांदळाला जाळी धरली. ती जाळी याच कॉर्सायराची.